गोचिडाचं पोस्टर आणि माझा अंगठा

कर्वेनगरच्या आमच्या कॉलेजात मी काँगो तापावर पोस्टर केलं. हा ताप गोचिडांमुळे होतो. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे सगळ्यांना शहाणं करायची जबाबदारी माझ्यावरच आहे असं मला मनापासून वाटायचं.

सरांनी माझं चित्र बराच वेळ निरखलं. "अहो, आपण गोचीड काढलाय की खेकडा? रश्श्यात घालायचा असेल तर ठीक आहे."

मांजरी गावात, घरी, आमच्या दोन गायी आहेत. त्यांच्या कानामागचे गोचीड उपटून नखाखाली चिरडायचे, ही आईची रोजची सवय. तिच्या अंगठ्याला विळ्याची चीर पडलेली होती. मला धास्ती त्या चिरेची होती.

"आई, गोचिडाच्या रक्तात विषाणू असला तर तो जखमेतून आत जातो. ताप चढतो, अंगातून रक्त जातं, माणूस दगावतोसुद्धा. हातमोजे घाल, चिमट्याने काढ."

"आन् गायीला काय हुतं?"

"काहीच नाही. ती धडधाकट दिसते."

"बघ. कालिजात न जाता तगली."

मी मेडिकलमधून आणलेले हातमोजे आईने मिरच्या चिरायला घेतले. "लई झ्याक हायेत गं, हात भगभगत न्हाईत."

पोस्टरला दुसरा नंबर मिळाला. पोस्टरं तीनच होती, हे मी घरी सांगितलं नाही. प्रमाणपत्र घेऊन थेट गोठ्यात गेले. आईला दाखवणार, तेवढ्यात गायीच्या कानामागे टम्म फुगलेला गोचीड दिसला. लहानपणापासूनची सवय, हात आपोआप गेला. उपटला आणि नखाखाली चिरडला. अंगठा लाल झाला.

आई बघत होती. "पोस्टरात ह्ये कुटं लिवलंय?"

मग मात्र ती हसली नाही. मला ओढत नळाखाली नेलं आणि साबणाने अंगठा घासघासून धुतला.

"किती दिस वाट बघायची?"

"दोन आठवडे. ताप आला तर डॉक्टरांना गोचिडाचं सांगायचं. पण प्रत्येक गोचिडात विषाणू नसतो, आई." मी पहिल्यांदाच तिला धीर देत होते, आणि अंगठा पुन्हा साबणाने घासत होते.

दोन आठवडे ती रोज धारेआधी माझ्या कपाळाला हात लावायची. ताप आला नाही.

चिमटा मात्र तिने मी गोचीड चिरडला त्याच संध्याकाळी मागितला होता. पोस्टर वाचून नव्हे, मला बघून.

"आन् हातमोजं नवं आण. मिरचीचं लावलं तर गाय लाथ घालंल. ती काय पोस्टर करून सांगत न्हाई."