धवलारणीचा ड्रायव्हर

मुलांनो, रविवारी शेजारच्या आगरी लग्नात धवलारीण आली होती, म्हणजे गाणी म्हणून विधी करणारी बाई. तिचा नवरा तिला स्कूटरवरून घेऊन आला आणि मांडीवर थर्मास धरून कोपऱ्यात बसला. तिच्या प्रत्येक गाण्याबरोबर त्याचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. तिचा घसा बसण्याआधीच कोमट पाण्याचा पेला पुढे येई.

शेवटी मुलीच्या वडिलांनी मानाचा नारळ त्याच्यापुढे धरला. त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले.

“मान तिचा हाय. मी नुसता ड्रायवर!”

“मंग नारल घरी नेताना फोडू नको, ड्रायवर,” ती म्हणाली. सगळ्यांत मोठ्याने तोच हसला.

शाळेतल्या माझ्या सत्कारात पहिला हार तुमच्या आजोबांच्या गळ्यात पडला होता, आणि त्यांनी तो घालून घेतला होता. आता मांडवात ते माझ्या शेजारीच बसले होते; मी त्यांना कोपराने ढोसले.

“पाहिलं गं, पाहिलं!” ते म्हणाले.