टाकी मेली आहे, असं मी म्हणालो

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचो. निवृत्तीआधीच्या काही वर्षांत आमच्या कॉलेजात इंजिनिअरांसाठी शिबिरं भरत. पाणीपुरवठ्याचे, सांडपाण्याचे, गोबरगॅसचे इंजिनिअर येत. टाकीतल्या गाळातून डीएनए काढायचा, यंत्रात त्याच्या असंख्य नकला करायच्या आणि त्यावरून गाळात कोणते जीव नांदतात ते ओळखायचं, एवढं मी त्यांना शिकवत असे. ही माणसं पाणी मोजणार घनमीटरमध्ये. पिपेटच्या टोकावरचा थेंब बघून एकजण म्हणाला होता, "सर, एवढ्यानं तर मुंगीसुद्धा भिजायची नाही."

त्यातच एक तरुण इंजिनिअर होता, कुरुंद्याच्या बाजूच्या एका तांड्यावरचा. तांड्यातला पहिलाच इंजिनिअर. त्याने तांड्यावर एक टाकी बांधली होती. हळद शिजवून उरलेलं पाणी आणि शेण तीत जायचं, गॅस निघायचा, त्यावर काही घरांच्या चुली चालायच्या. त्या हंगामात गॅस कमी झाला होता, म्हणून तो टाकीतला गाळ बाटलीत भरून शिबिराला घेऊन आला.

गाळातून काढलेला डीएनए पिवळा दिसत होता. रंगीत नमुना आधी पाणी घालून पातळ करावा, कारण रंगाने नकला करण्याचं काम अडतं, हे मीच आदल्या दिवशी फळ्यावर लिहिलं होतं. पण आमच्या वसमत भागात हळदीच्या दिवसांत पोती पिवळी, रस्ते पिवळे, माणसांची नखं पिवळी. तो पिवळा रंग मला रंग वाटलाच नाही. नमुना तसाच यंत्रात गेला. निकालाच्या पट्टीवर बाकीच्यांच्या रेघा उमटल्या, त्याची जागा कोरी राहिली.

"टाकी मेली आहे," मी म्हणालो.

तो म्हणाला, "सर, बुडबुडे येतात अजून."

मी हसून सांगितलं की बुडबुडे चिखलातूनही येतात. बाकीचेही हसले. मेलेली टाकी उपसून ताज्या शेणाने नव्याने भरावी, असा सल्लाही मीच दिला.

तांड्याने टाकी उपसली. नव्याने भरली. ती लागली नाही. गॅस आलाच नाही. पुढच्या वर्षी कोणी शेण टाकायला तयार होईना. टाकीत भुसा भरला गेला आणि त्या इंजिनिअरला तांड्यावर 'मेल्या टाकीचा साहेब' म्हणू लागले. हे मला त्याच्याबरोबर शिबिराला आलेल्या एकाने सांगितलं. मी ऐकलं आणि चहा मागवला.

त्याचा नमुना आमच्या फ्रीजमध्ये पडून होता. पुढच्या शिबिरात काही दाखवायचं म्हणून मी तो पातळ करून पुन्हा यंत्रात घातला. ठसठशीत रेघ उमटली. टाकी जिवंत होती. फक्त हळदीच्या रंगाने यंत्रातल्या नकलांची वाट अडवली होती.

मी वर्गाला सांगितलं, बघा, रंगाने असं फसवलं जातं. कुणाचा नमुना, निकाल कुणी दिला, ते सांगितलं नाही. उदाहरण छान होतं. दर शिबिरात मी ते वापरलं. लोक हसायचे. त्या चुकीवर मी एक चांगला तास उभा केला आणि निवृत्त होईपर्यंत घेत राहिलो. झोप उडाली, अन्न गोड लागेना, असं काही झालं नाही. काहीच झालं नाही.

यंदा आखाडा बाळापूरजवळ रस्त्याचं काम चालू असल्याने बस थांबली. मी खाली उतरलो. हेल्मेट घातलेल्या एका माणसाने वाकून नमस्कार केला. तोच होता. आता ठेकेदाराकडे होता. "हे माझे सर," असं त्याने मजुरांना सांगितलं. बस निघाली.

पुढच्या आठवड्यात मी मुद्दाम तिथे गेलो आणि त्याला सगळं सांगितलं. मागे रोलर चालू होता, त्यामुळे दोन वाक्यं पुन्हा सांगावी लागली. त्याने ऐकून घेतलं.

"मला सांगून काय उपयोग, सर. तांड्यावर सांगा."

रविवारी त्याच्या मोटारसायकलवर बसून गेलो. तांड्याचे प्रमुख, नायक, लिंबाखाली खाटेवर बसले होते. आणखी चार-पाच माणसं जमली. मी डीएनए वगैरे बोललो नाही. टाकी जिवंत होती, माझी तपासणी चुकली, ते मला नंतर कळलं आणि मी कळवलं नाही, एवढं बोललो. आपसात त्यांच्या बोलीत काही बोलणं झालं, ते मला समजलं नाही.

मग नायकांनी मराठीत विचारलं, "म्हंजी जितीच होती?"

"हो."

"अन् आमी उपसली."

मी मान हलवली. ते त्याच्याकडे वळले. "तू काहून भांडला न्हाईस रे तवा?"

"सरांनी मशीन दाखवलं, काका. मशीनीपुढं काय बोलणार?"

"बुडबुडे तर आमीबी बघत होतो," कोणीतरी मागून म्हणालं. "ह्याला सांगितलं तर हाच म्हणला, चिखलाचे हायेत."

माझंच वाक्य होतं ते. त्याने मान वर केली नाही. मला लाज वाटायला हवी होती. मी पायातल्या चपलेकडे बघत राहिलो.

चहा आला. आपल्याला कोणी शिव्या देईल असं मी धरून चाललो होतो. कोणी दिल्या नाहीत. नायकांनी बशीतला चहा संपवला, भुसा भरलेल्या टाकीकडे पाहिलं आणि विचारलं, "आता भरली तर पेटल का?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण ते माझ्याकडे बघत नव्हते. त्याच्याकडे बघत होते.

"आत उतरून बघावं लागंल," तो म्हणाला. "भिंतीला चीर असंल तर न्हाई पेटणार."

"मंग उतर की."

तो उठला, बाह्या सरसावल्या. दोघेजण भुसा काढायला फावडी घेऊन त्याच्यामागे गेले. मी खाटेवरच बसून राहिलो. मला कोणी बोलावलं नाही.