किल्ल्यामागचे बोंबील

आमच्या बोंबीलआजीला हळू बोलणं कधी जमलंच नाही. ती केळव्याला वाडीच्या फाटकाशी आली की मला मागे विहिरीवर कळायचं. "बाय, भांडं आन. भाव मंग इचार." पोरांनो, तुम्ही सुट्टीत आलात की डोक्यावरची मासळीची पाटी उतरवण्याआधी ती तुमचे गाल ओढायची आणि तुम्ही तोंड धुवायला पळायचात.

किल्ल्यामागच्या रेतीवर बांबूंना दोऱ्या बांधून ती बोंबील वाळवायची. तिची सासू तिथेच वाळवायची, सासूची सासूही. पावसाळ्यात होड्या बंद असल्या की त्या सुक्या बोंबलांवरच तिचं घर चालायचं. किल्ल्यात दारू प्यायला बसणाऱ्यांना हाकलायचं कामही तिचंच. "घरात देव नाय काय तुमच्या?" एवढं ऐकलं की मुंबईची धट्टीकट्टी पोरं गाडीत जाऊन बसायची.

मग किल्ल्याचं सुशोभीकरण ठरलं. 'स्थानिकांचा सहभाग' असा फलक लावून सभा झाली, तीही नेमकी होड्या किनाऱ्याला लागण्याच्या वेळी. सगळ्या कोळणी मासळी उतरवण्यात. नारळ-सुपारीच्या वाडीमुळे मला निमंत्रण होतं. पुढच्या रांगेत हॉटेलवाले. कोळीवाड्यातलं कुणीच नाही, हे मी उठून सांगितलं. सभा घेणारे सरकारी साहेब हसून म्हणाले, "हरकत असती तर आले असते ना, मॅडम." ते हसणं आठवलं की आजही माझं डोकं तापतं.

रेतीवर हिरवळ आली, भोवती लोखंडी कठडा आला. वासाने पर्यटक येत नाहीत म्हणून बांबू उपटले. आजीने सरळ त्या नव्याकोऱ्या कठड्यावर, जबड्यात जबडा अडकवून, बोंबील टांगले. संध्याकाळी ट्रॅक्टर आला आणि सगळा माल कचऱ्यात गेला.

उद्घाटनाला मात्र तिलाच बोलावणं. लुगडं नेसून, डोक्यावर पाटी घेऊन पाहुण्यांशेजारी उभं राहायचं. ती गेली. पाटी खाली ठेवून सगळ्यांसमोर म्हणाली, "सायेब, फोटूत मी चालते, मंग माजे बोंबील का नाय चालत?" पाहुणे हसले. त्यांना ती गंमत वाटली. कठडा तिथेच राहिला.

परवा ती रिकाम्या हातांनी आली. सून आता बोईसरच्या कारखान्यात जाते म्हणाली. बाजारातून सुके बोंबील आणून विक, असं मी सुचवलं. तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. "दुसरीचे बोंबील माजे म्हनून तुला देऊ?" चहा संपवून ती निघून गेली.

पोरांनो, या वर्षीच्या पार्सलात लोणचं आहे, पापड आहेत. बोंबील नाहीत. बाजारात ढिगाने मिळतात. मी घेतले नाहीत.