जळक्या तारेची मोटरसायकल

तिवशाच्या बसथांब्यासमोर एका माजी फौजीचं मोटर वायंडिंगचं, म्हणजे जळक्या मोटरींत नवी तार भरायचं, दुकान होतं. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. रोज बसची वाट पाहताना त्याचे हातच बघत बसायचो. विजेचा दाब इतका कमी यायचा की शेतातले पंप जळायचे, आणि त्याच्या दारातला जळक्या मोटरींचा ढीग काही हटायचा नाही. तिथंच बसून तो वीतभर लांबीची फौजी मोटरसायकल घडवत होता. फौजेत असताना तो तसलीच चालवायचा. सीट जुन्या चपलेच्या चामड्याची, हेडलाइटला चहाच्या गाळणीची जाळी. सांगाडा, चाकांचे आरे, ब्रेकची केबल मात्र जळक्या मोटरीतल्या तारेची. "जळली का तार नरम पडते, काळीही होते. रंग द्याचं काम नाही," तार मांडीवर घासत तो म्हणायचा.

एकदा वीज कार्यालयातले साहेब आले. गाडी पाहून खूश झाले.

"वा! एवढी तार आणता कुठून?"

"तुमच्याच मेहेरबानीनं भेटते." त्यानं गाडी त्यांच्यापुढे आपटल्यासारखी ठेवली. "आता पुरी झाली साहेब. मले तार नाही लागत. आता तरी होल्टेज द्या."

साहेबांना तो विनोद वाटला. खदखदा हसले! बाहेर बैलगाडीतून आणखी एक जळकी मोटर उतरत होती.