डुमसच्या घोडीवरून

दिवाळीच्या सुट्टीत सुरतेतल्या आमच्या नवागामच्या गल्लीत निम्म्या घरांना कुलपं असतात. लूमची खाती, म्हणजे कापडाचे कारखाने, बंद होतात आणि माणसं मिळेल त्या गाडीने खानदेशाकडे पळतात. आम्हीही दरवर्षी जायचो. मागच्या दिवाळीत मात्र मुलगा जेवता जेवता म्हणाला, "आप्पा, आवंदा गावले नको जाऊत. एक दिवस डुमसले जाऊत, समुद्रवर."

माझ्या मनात तिथेच पाल चुकचुकली. तीस वर्षं सुरतेत काढली, त्यात मी डुमसला गेलो असेन फार तर दोनदा. मुलगा इच्छापोरला एका कंपनीत कंत्राटावर आहे. सुट्टीच्या दिवशी बारा वाजेपर्यंत झोपतो. त्याला बापाला समुद्र दाखवायची हौस एकाएकी कुठून आली?

मी संशयी आहे हे मला कबूल आहे. आता कबूल आहे म्हणायला हवं, कारण तेव्हा मी त्याला हुशारी म्हणत होतो. खात्यात ताग्यात डाग निघाला की शेठ आधी कारागिराकडे बघतो, आणि कारागीर शेजारच्या कारागिराकडे. तिथे डोळे मिटून विश्वास ठेवणारा टिकत नाही. तीच नजर घेऊन मी रोज घरी यायचो.

गुडघ्यांनी दगा दिला आणि वर्षभरापूर्वी मी काम सोडलं. तेव्हापासून ती नजर चोवीस तास घरातच. घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकाची जागा. सून घरी बसून साड्यांवर खडे चिकटवायचं काम करते. साड्या जमिनीवर पसरल्या की मला पाय पोटाशी घेऊन पलंगावर बसावं लागतं. ती तोंडाने काही बोलत नसे, पण साडी पसरताना एकदा माझ्या पायांकडे बघायचीच. मी आत आलो की बोलणी थांबायची. आणि एकदा मुलगा जिन्यात उभा राहून गावी माझ्या पुतण्याशी फोनवर बोलत होता, की पत्रे नवे टाक आणि मोरीला दरवाजा बसव. गावचं घर कित्येक वर्षं रिकामं आहे. त्या मोरीत अंघोळ कोण करणार होतं?

मी हिशोब जुळवला. आम्हा दोघा म्हाताऱ्यांची गावी रवानगी होणार, आणि कारस्थान सुनेचं.

मला जायचं नव्हतं. अगदी मनापासून जायचं नव्हतं. गावात माझ्या बरोबरीचे बरेचसे गेले, उरलेल्यांना मी 'सुरतवाला' म्हणूनच माहीत. इथे निदान सकाळी नाक्यावर जाऊन बसलं की जुन्या खात्यातले चार जण भेटतात. बायकोला मी हे सगळं सांगितलं, की सून आपल्याला हाकलायला बसली आहे. ती तांदूळ निवडत होती. "बघा तुम्ही," एवढंच म्हणाली. साधी बाई, तिला यातलं काय कळणार, असं मला वाटलं.

डुमसला जायच्या दिवशी सुनेने माझ्यासाठी वेगळा गोड शिरा केला. पोळ्याच्या बैलाला कसं त्या एका दिवशी पुरणपोळी मिळते, तशी माझी बडदास्त चालली होती. रिक्षा, मग सिटी बस, आणि दुपार कलायच्या सुमारास आम्ही चौघे किनाऱ्यावर पोहोचलो. ओहोटी होती. समुद्र पार लांब गेलेला आणि मधे सगळी काळी ओली वाळू. टोमॅटोच्या भज्यांच्या गाड्यांपाशी ही गर्दी. मी म्हटलं, आता खायला घालून विषय काढतील. त्यांनी भजी खायला घातली, विषय काही काढला नाही.

मग मुलगा म्हणाला, "आप्पा, घोडीवर बठा ना. एक फेरी मारा."

"कसाले?" मी विचारलं.

"कसाले म्हणजे? मजा म्हणून."

तिथे एक पांढरी घोडी उभी होती. कपाळावर लाल गोंडे, डोळे अर्धे मिटलेले. घोडेवाला पन्नाशीचा असेल. मी त्याची उलटतपासणी घेतली. चावते का? कुणाला पाडलंय का? एवढी सजवली आहे ती कशासाठी?

"काका, बैठो ने," तो म्हणाला. "लगन की घोडी है. बैंड बजता है तो भी नहीं भड़कती."

"लग्नाची आहे तर इथे काय करते?"

"अभी लगन किधर है? तुलसी का ब्याह होगा, बाद में चालू."

उत्तर बरोबर होतं, म्हणून मला ते जास्तच तयार केलेलं वाटलं. पण खरी शंका वेगळी होती. मला वर चढवून लांब पाठवायचं आणि मागे तिघांनी बोलायचं, असा त्यांचा बेत असावा. मग मी ठरवलं, बसायचंच. बघूच काय करतात.

मुलाने आणि घोडेवाल्याने मिळून मला वर चढवलं. माझ्या लग्नात मी घोड्यावर बसलो होतो, त्यानंतर आता. घोडेवाला लगाम धरून पुढे चालू लागला आणि मी मान वळवून मागे बघत राहिलो. "काका, आगे देखो, गिर जाओगे," तो दोनदा म्हणाला. पुढे बघण्यासारखं मला काही नव्हतं. मागे ते तिघे एकमेकांच्या जवळ सरकले होते.

एका पडक्या टपरीला वळसा घालून घोडी परत फिरली, आणि आता ते तिघे माझ्या समोर आले. अंतर बरंच होतं. पण मला जवळचं दिसत नाही, लांबचं स्वच्छ दिसतं. आणि आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नव्हती. लूमच्या खात्यात कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही. तिथे आम्ही ओठ बघून बोलतो. चार यंत्रांपलीकडचा कारागीर काय म्हणतोय ते मला तोंडाच्या हालचालीवरून कळायचं. पुढे माझे कान अधू झाले, तसं घरातही मी हेच करू लागलो, आणि माझ्याशी बोलून बोलून बायकोला तोंड मोठं उघडून शब्द मांडायची सवय लागली.

मुलगा माझ्याकडे पाठ करून होता. सून बाजूला. बायकोचं तोंड सरळ माझ्या दिशेला होतं, आणि बोलत होती ती.

"माले नही जानं त्यासनासंगे," ती म्हणत होती. "तू त्यासले एकलाले गावले पोचाडी ये. मी आठेच ऱ्हासू." मला एकट्याला गावी पोचवायचं आणि ती इथेच राहणार.

मुलगा काहीतरी बोलला असावा, कारण ती मान हलवत थांबली. तेवढ्यात सुनेने तिचा हात धरला. सुनेचे ओठ मला एका बाजूने दिसले. "मामा एकला कसा ऱ्हातीन?" तिने विचारलं. मामा म्हणजे मी.

बायको म्हणाली, "तीस वरीस व्हई गयात. दारवर कोन उनं व्हतं, कसाले उनं व्हतं, भाजीवालासंगे काय बोलनी. रोज जबाब दि दि थकी गऊ मी. आते जरासा दम खाऊ दे माले." दारात कोण आलं, कशाला आलं, हे रोज विचारणारा मीच होतो.

घोडी आपल्या चालीने चालत होती. मी खोगिराची कडी घट्ट धरली. राग आला असता तर बरं झालं असतं. राग माझ्या ओळखीचा आहे, त्याचं काय करायचं ते मला येतं. मला लाज वाटली, आणि तीही इतक्या उंचावर, चारचौघांत, गोंडेवाल्या घोडीवर बसून. घरातल्या प्रत्येकावर मी पाळत ठेवली होती. हिच्यावर तर सगळ्यात जास्त, पण ती कधी कंटाळेल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मला खाली उतरवलं तेव्हा तिघेही हसत होते. "कसं वाटनं, आप्पा?" मुलाने विचारलं. मी चांगलं वाटलं म्हणालो. मग मी बायकोकडे वळलो.

"तू बी बठ," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू यात काही डाव आहे. नको नको म्हणाली, गुडघे दुखतात म्हणाली, लोक काय म्हणतील म्हणाली. सुनेने तिचा पदर खोचून दिला आणि घोडेवाल्याने एक स्टूल आणून ठेवलं. ती चढली. आधी दोन्ही हातांनी घोडीची आयाळ धरली, मग थोड्या वेळाने एक हात सोडला. घोडेवाला मागे वळून काही सांगत होता आणि ती मान हलवत होती. मी तिच्या पाठीकडे बघत राहिलो. टपरीपर्यंत पोहोचेस्तोवर तिने एकदाही वळून पाहिलं नाही.

ती लांब होती तेवढ्यात मी मुलाला म्हटलं, "सुट्टी सरनी की मन्हं गावनं तिकीट काढ. एकलानं."

त्याचा चेहरा उतरला. "कोणी सांगं तुम्हले?"

"कोणी नही," मी म्हटलं. सून दुसरीकडे बघू लागली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. सकाळपासून, खरं तर वर्षभर, मी त्या पोरीवर किती जळफळलो होतो.

घोडी परत आली. बायको स्टुलावर पाय ठेवून उतरली. तिचा चेहरा लाल झाला होता, केस सुटून कपाळावर आले होते. ती हसत होती. मला समोर उभा बघितल्यावर हसू थांबलं, तिने पदर सारखा केला आणि माझ्यासमोर येऊन, तोंड नीट उघडून, हळूहळू सांगू लागली.

"त्यानासंगे काहीच नही बोलनू मी," ती म्हणाली. "घोडीनं नाव इचारं फक्त."

मी काहीच विचारलं नव्हतं.