न्हाणीभोवतीचा शेर

आमच्या घरात कुणी नवं झाड लावायला घेतलं की मला विचारत नाहीत. मी जवळ गेलो तर खड्डा अर्धा सोडून लोक दुसऱ्या कामाला लागतात. त्यांचं काही चुकत नाही.

वाटणीत गावातलं घर थोरल्या भावाकडं गेलं आणि माझ्या वाट्याला उमरग्याच्या सडकेला लागून असलेलं रान आलं. तेव्हा आमच्याकडं निजामाचं राज्य होतं आणि तिकडं जगाची दुसरी लढाई चालली होती. मी रानात मातीच्या चार भिंती घातल्या, वर पाचट टाकलं आणि आई, बायको, धाकटी बहीण यांना घेऊन राहायला गेलो. बहीण विशीतली. नवरा पटकीनं गेल्यावर सासरच्यांनी दोन महिन्यांत तिला गाडीत घालून आमच्या दारात आणून सोडलं होतं.

घर झालं, पण आडोसा नव्हता. चहूबाजूंनी काळं उघडं रान. आषाढात पश्चिमेचा वारा सुटला की चुलीतली राख ताटात यायची. न्हाणी म्हणजे चार फरशा आणि भोवती उभ्या केलेल्या कडब्याच्या पेंढ्या. वाऱ्यानं पेंढ्या आडव्या व्हायच्या, आणि सडक तिथून पन्नास पावलांवर. पायी जाणाऱ्याचं एक वेळ ठीक. गाडीवानाची नजर उंच असते, घोड्यावरच्याची त्याहून उंच. कमरेला तलवार लावलेला एक घोडेस्वार आठवड्यातून दोनदा, नेमका न्हाणीच्या वेळेला, पाणी मागायला थांबू लागला. तांब्या तोंडाला लावायचा आणि तांब्यावरून कडब्याकडं बघायचा. मी त्याला वाकून आदाब करायचो. शूर माणूस मी.

बहीण आधी पहाटे अंधारात अंघोळ करू लागली. मग दिवसाआड. मग एके दिवशी बायकोनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "आठ दिवस झाले, वन्सं न्हाल्या न्हाईत. कुंपणाचं बघा कायतरी. लवकर वाढंल असं."

आमच्या पलीकडं पानमळा होता. मळेवाल्या म्हाताऱ्याला सगळा गाव मामा म्हणायचा. पानवेलीला वारा सोसत नाही, म्हणून वारा अडवण्यात मामांचा जन्म गेलेला. मी त्यांच्याकडं गेलो. सल्ला विचारायची मला पहिल्यापासून हौस. ऐकायची नाही.

"शेवरी पेर," मामा म्हणाले. "मिरगाला पेरलीस तर दिवाळीला गाडीवानाच्या पटक्याच्या वर जाती."

"शेरडं खातील की, मामा."

"मग राख की. का पाटीलकी लागलीया तुला? आन शेवरी खालनं उघडी पडती, म्हणून तिच्या बुडाला मेंदी लाव. मेंदी सावकाश येती, पर आली की आरपार दिसत न्हाय. वर शेवरी, खाली मेंदी."

"आणि एरंड लावला तर?"

"एरंड वाऱ्यात मोडतोय. तुझ्यावानीच हाय त्यो. वाढतो लवकर, आतनं पोकळ."

घरी येऊन मी हे सांगितलं. एरंडाचं तेवढं गाळलं. शेवरीचं नाव ऐकून आई पाखडत राहिली, मेंदीचं ऐकून तिनं हातातलं सूप खाली ठेवलं.

"रांडमुंड पोरीच्या न्हाणीला मेंदीचं कुंपण? लोक तोंडात शेण घालतील. हिच्या हाताला आता मेंदी न्हाय लागायची, आन न्हाणीला लावतोस व्हय?"

बहीण तिथंच तुरी निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही. आई, झाडाला कुठं कळतंय कोण विधवा न् कोण सवाष्ण, एवढं एक वाक्य मी बोलायला हवं होतं. ते मला सुचायला दहा-बारा वर्षं लागली. त्या वेळी मला वेगळंच सुचलं होतं, आणि मी उर्दू चौथी पास होतो, त्यामुळं मला जे सुचेल ते बरोबरच असायचं.

मला शेर सुचला होता. बोटाएवढ्या हिरव्या कांड्यांचं, बिनपानांचं झाड. कांडी मोडून मातीत खोवली की जगते. पाणी लागत नाही, शेरडं तोंड लावत नाहीत, आणि मेंदीसारखं त्याला सवाष्णपणही चिकटलेलं नाही. मोडल्यावर पांढरा चीक गळतो, तो डोळ्याला वाईट, हे आमच्याकडं रांगत्या पोरालाही ठाऊक. मलाही ठाऊक होतं. लोहाऱ्याच्या वाटेवरच्या पडक्या गढीपासून मी गाडीभर फांद्या आणल्या आणि दोन ओळींत खोवल्या. घरातल्या सगळ्यांना बजावलं की कुणी मोडायचं नाही, काय छाटायचं ते मी छाटणार. मामा येऊन बघून गेले. "चीक लई बेकार," एवढंच बोलले.

न्हाणीचं सांडपाणी मिळाल्यामुळं शेर असा फोफावला की तिसऱ्या आषाढाला सडकेवरून न्हाणी दिसेनाशी झाली. वारा अडला. घोडेस्वाराला तहान लागायची थांबली. बहीण उजेडात, ऊन पाण्यानं, निवांत न्हाऊ लागली, आणि कधीकधी आतून गुणगुणणं ऐकू यायचं. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला कुंपण दाखवत सुटलो. आत हात घालून बघा, म्हणायचो, बोट दिसलं तर सांगा.

शेंडे न्हाणीवर कलू लागले म्हणून एका सकाळी मी विळा काठीला बांधला आणि सडकेच्या बाजूनं छाटायला लागलो. वारा माझ्या पाठीवर होता. बरंच वाटलं, चीक माझ्या अंगावर येत नव्हता. तो कुठं जात होता हा विचार मनाला शिवला नाही. बहीण आत असल्याचं मला दिसलं नाही. दिसणारच नव्हतं. तसंच तर कुंपण लावलं होतं मी.

ती आत डोकं धूत होती. विळ्याचा आवाज तिनं ऐकला होता. नंतर ती म्हणाली, "मला वाटलं कोन तरी परका मानूस हाय. आत बाई हाय, हे वरडून कसं सांगू?" ती अंग चोरून बसून राहिली. डोळ्यात आग झाली तेव्हा तिला शिकेकाई वाटली, आणि तिनं ओल्या पदरानं डोळे खसाखसा चोळले. ओरडली तेव्हा मी शेवटचा शेंडा पाडत होतो.

आईनं वस्तीवरच्या बाळंतिणीचं दूध आणून डोळ्यांत घातलं. दुसऱ्या दिवशी वैद्यानं कसलातरी पाला बांधला. तिसऱ्या दिवशी पापण्या उघडेनात, तेव्हा मी सोलापूरला गाडी जुंपली. हद्दीवरच्या करोडगिरी नाक्यावर, काय माल लपवलाय बघायला, शिपायानं तिच्या तोंडावरची चादर उचलली आणि लगेच परत टाकली.

डॉक्टरांनी डोळे तपासून विचारलं, "लगेच डोळे धुवायला घरात पाणी नव्हतं का?"

न्हाणीत तिच्या पुढ्यात तेव्हा दोन घागरी भरलेल्या होत्या. मी डॉक्टरांना नाही म्हणालो. होतं म्हणायची लाज वाटली.

डावा डोळा गेला. उजव्याला ऊन आणि सावली एवढंच कळायचं.

दिवाळीनंतर मी कुऱ्हाड घेऊन शेर तोडायला लागलो. या वेळी आधी वारा बघितला, घरातल्या सगळ्यांना आत बसवलं. चार हात तोडून झाला असेल, तेवढ्यात बहीण भिंतीला हात लावत लावत दारात आली.

"अण्णा, काय तोडतोस?"

"शेर."

"कशाला?"

मी काहीतरी पुटपुटलो. माझं पाप डोळ्यांसमोर नको, असं म्हणायचं होतं; पण डोळ्यांचं नाव तिच्यापुढं कसं घेणार?

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "मला दिसंना झालं म्हणून लोकास्नी दिसायचं थांबलंय व्हय?"

बायकोनं तिच्यासाठी पाणी काढलं होतं. ती चाचपडत न्हाणीत गेली. सडकेवर उमरग्याच्या बाजारच्या गाड्या सुरू झाल्या होत्या. मी कुऱ्हाड टाकली आणि तोडलेल्या त्या चार हात मोकळ्या जागेत, सडकेकडं तोंड करून, खांद्यावरची घोंगडी दोन्ही हातांनी पसरून उभा राहिलो. गाडीवान बघून हसत गेले. आतून पाण्याचा आवाज येत होता, गुणगुणणं नव्हतं. ती न्हाऊन घरात जाईपर्यंत मी हलू शकत नव्हतो.