कलमा घेण्याआधी

प्रिय रेवा आणि नील, रेवाला सैद्धांतिक भौतिकशास्त्राच्या पीएचडीसाठी दोन विद्यापीठांनी बोलावलंय आणि आठवड्याच्या आत उत्तर द्यायचंय, हे काल फोनवर कळलं. मला भौतिकशास्त्र येत नाही. पण असाच पेच भाऊ नावाच्या एका संत्रा बागायतदाराने माझ्या डोळ्यांसमोर सोडवला होता, म्हणून हे आजच लिहिते.

संत्र्याची कलम हातात आली की भाऊ पानांकडे बघत नसत. पिशवीतल्या मातीत बोट खुपसून बूड चाचपत. "पानं काय बाई, पाणी मारलं का चमकतेत."

त्यांचा बगीचा मोर्शीकडे. त्यांची मुलगी अमरावतीत आमच्या वरच्या खोलीत राहून शिकली. तिलाही पीएचडीसाठी परदेशातून दोन पत्रं आली होती. एक जगभर नाव असलेल्या प्राध्यापकांचं, दुसरं फारसं कोणाला ठाऊक नसलेल्यांचं. तिने पहिलं जवळजवळ नक्की केलं होतं. कॉलेजात शाल-नारळही झाला होता.

भाऊंनी एवढंच विचारलं, "त्यायच्या जुन्या पोराईले पुसलं काय?"

"बाबा, हे काय कलमा घेनं हाय का?"

"नसन. पन रोप तं तूच हायस ना?"

भाऊंची रीत अशी, की कलमा घेण्याआधी त्याच रोपवाटिकेतून पाच वर्षांपूर्वी ज्याने नेल्या त्याचा बगीचा पाहून यायचा. मग मी दोन्ही प्राध्यापकांच्या जुन्या विद्यार्थ्यांना ईमेल लिहायला बसले आणि ते सांगू लागले. "किती लागले, किती मेले? लावल्यावर पाहाले येते का? पुन्हा त्याच्याचकून नेसान का?" कलमांच्या जागी विद्यार्थी घालून मी ते इंग्रजीत बसवलं. "लई गोड नका करू," त्यांनी बजावलं.

मोठ्या प्राध्यापकांच्या दोन विद्यार्थ्यांनी उत्तर दिलं. विद्यापीठ उत्तम, शहर सुंदर.

"शहराचं लिवलं. मास्तरचं काय लिवलं?"

"काहीच नाही, भाऊ."

दुसऱ्यांच्या विद्यार्थ्यांकडून एकच लांब पत्र आलं, तेही पीएचडी अर्ध्यात सोडलेल्या मुलाचं. सर दर आठवड्याला तासभर बसायचे, सोडायचं ठरल्यावर नोकरीसाठी शिफारसही त्यांनीच लिहिली, पुन्हा संधी मिळाली तर त्यांच्याकडेच जाईन, असं त्याने लिहिलं होतं.

भाऊंनी मला ते दोनदा वाचायला लावलं. मग लेकीकडे वळले. "ज्याचं झाड मेलं थो बी चांगलं म्हनते. आता तुह्यं तू पाह्य."

सकाळी तिने दुसऱ्यांना होकार कळवला.

पुढे काही वर्षांनी भाऊ गेले. बगीचा त्यांच्या पुतण्याने घेतला. मुलगी आता तिकडेच प्राध्यापक आहे. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तिच्या पानावर तिच्या आजवरच्या सगळ्या विद्यार्थ्यांची नावं आणि ईमेल आहेत, मधेच सोडून गेलेल्यांचीसुद्धा.